वाचकांचे प्रश्न: पुरस्कारांची संध्याकाळ

तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणाऱ्या स्त्रियांचा वार्षिक स्नेहमेळावा आणि पुरस्कार या विषयावर खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही जळगावातल्या तीन-चार सॉफ्टवेअर कंपन्यांमधल्या मुली मिळून असा कार्यक्रम पहिल्यांदाच करणार आहोत. ८ मार्च धरावा की दुसरी तारीख? (जळगाव)

८ मार्च नको. त्या दिवशी प्रत्येक कार्यालयाचा स्वतःचा कार्यक्रम असतो, त्यामुळे पाहुण्या आणि परीक्षक मिळत नाहीत. शिवाय परीक्षांचा काळ असल्याने आयांचा पाय घरातून निघत नाही. ऑक्टोबरचा दुसरा मंगळवार हा एडा लव्हलेस हिच्या, म्हणजे पहिली संगणक-प्रोग्रामर मानल्या जाणाऱ्या बाईच्या, नावाने पाळला जातो. पण आपल्याकडे तो बरेचदा नवरात्र-दसऱ्याच्या आसपास पडतो आणि मधल्या वारी सुट्टी कोण देणार? एप्रिलचा चौथा गुरुवार मुलींच्या संगणक-शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. तो शाळा-कॉलेजातल्या कार्यक्रमाला ठीक, पुरस्कारांच्या संध्याकाळीला नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुण्याहून माहेरी आलेल्या सगळ्या भेटतील हे खरं, पण तो लग्नाचा मुहूर्त, हॉल मिळणार नाही, आणि ऊन तर तुम्हाला सांगायला नको.

आमचं मत जानेवारीतल्या शनिवारचं. पौषात लग्नं कमी, म्हणून हॉल मिळतो आणि भाड्यात घासाघीस करता येते. संक्रांतीनंतरचा शनिवार घेतलात तर तिळगूळ द्या, पण हळदीकुंकू कार्यक्रमात घालू नका. ज्यांना ते लावलं जात नाही अशा बायका त्याच हॉलमध्ये बसलेल्या असतात.

जानेवारीसाठी अर्ज ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू करा. दिवाळीचा आठवडा वाया जातो हे धरून नोव्हेंबरअखेर बंद करा. निकाल २० डिसेंबरपर्यंत हातात हवा, कारण स्मृतिचिन्हांना दोन-तीन आठवडे लागतात.

प्रश्न : गेल्या वर्षी पाचपैकी चार पुरस्कार एकाच कंपनीत गेले. निवड प्रामाणिक होती, तरी कुरबुर झाली. काय चुकलं? (धुळे)

पहिली शंका मतदानाची. व्हॉट्सअ‍ॅपवर मतं मागितली असतील तर जिथे माणसं जास्त तिथे पुरस्कार जाणारच. मतदान पूर्ण बंद करा.

दुसरी शंका बेरजेची, आणि ही बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दोन अर्जदार आणि तीन परीक्षक आहेत असं धरा. पहिल्या परीक्षकाने ७२ आणि ७० गुण दिले, दुसऱ्याने ७४ आणि ७१. दोघांनाही पहिली अर्जदार उजवी वाटली. तिसऱ्याचा हात सैल आणि तितकाच कडक : त्याने ४५ आणि ९० दिले. बेरीज होते १९१ आणि २३१. म्हणजे दोघांचं मत एका बाजूला असूनही निकाल एकट्या तिसऱ्याने लावला. यावर उपाय असा : प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून आधी क्रम काढा आणि मग क्रमांची बेरीज करा. पहिलीचे १+१+२ म्हणजे ४, दुसरीचे २+२+१ म्हणजे ५. कमी बेरीज जिची, ती विजेती.

परीक्षक पाच ठेवा आणि त्यात एका कंपनीतून एकच घ्या. अर्जदार नात्यातली, स्वतःच्या कार्यालयातली किंवा हाताखाली काम केलेली असेल, तर परीक्षकाने त्या अर्जाला हात लावायचा नाही आणि कारण कागदावर लिहायचं. अशा वेळी सगळ्यांना पाच क्रम मिळत नाहीत, म्हणून बेरजेऐवजी सरासरी घ्या. बरोबरी झाली तर कोणत्या निकषाचे गुण पाहायचे, हे अर्ज उघडण्याआधी ठरलेलं हवं. नंतर ठरवलेला नियम कितीही चांगला असला तरी तो कुणासाठी तरी केला असं वाटतं.

अर्जावरचं नाव आणि कंपनी झाकून क्रमांक द्या. निकष चार पुरेत : काम काय केलं, अडचण किती मोठी होती, उपयोग कुणाला झाला, इतरांना काय शिकवलं. पुरावा म्हणून दोन पानं आणि सोबत काम केलेल्या एका व्यक्तीचं पत्र. वीस पानांची फाइल मागितलीत तर जिला मदतनीस आहे तिचाच अर्ज देखणा येतो.

प्रश्न : मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. माझी मैत्रीण आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आम्ही "तंत्रज्ञानातल्या" धरल्या जाऊ का? (नंदुरबार)

धरल्या जायलाच हव्यात. आयोजकांना विनंती, व्याख्या पदावरून न करता कामावरून करा. महावितरणची अभियंता, ठिबकच्या नियंत्रकाची जोडणी करणारी, मोबाइल दुरुस्त करणारी, शाळेची संगणक प्रयोगशाळा चालू ठेवणारी, पुण्याच्या कंपनीचं काम शिरपूरहून घरबसल्या करणारी, या सगळ्या यात येतात. मात्र सगळ्यांना एकाच गटात घालू नका, नाहीतर दरवर्षी प्रोग्रामरच निवडली जाईल. "लोकांपर्यंत सेवा पोचवणं" आणि "शिकवणं" असे दोन स्वतंत्र पुरस्कार ठेवा. अर्ज मराठीत भरता यावा, आणि अहिराणीत बोलून रेकॉर्ड करून पाठवला तरी चालावा.

प्रश्न : स्मृतिचिन्हांवर नावं चुकली. पाठवताना बरोबर होती, छापून आली तेव्हा वेलांट्या भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरं फुटलेली. दुकानदार म्हणतो, तुमचीच फाइल खराब. (भुसावळ)

फाइल खराब नव्हती. मोबाइलवर आपण टाइप करतो ते युनिकोड असतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक. छपाईच्या बऱ्याच दुकानांत अजून जुने फॉन्ट आहेत, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की चौकोन नाहीतर भलतीच चिन्हं येतात. दुसरं कारण डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं. फॉन्ट युनिकोड असला तरी सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी करता आली नाही, तर "प्रज्ञा"तलं ज्ञ सुटतं आणि वेलांटी अक्षराच्या मागे जाते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत "वर्ल्ड-रेडी लेआउट" ही सेटिंग निवडलेली नसेल तर हेच होतं.

म्हणून नावं मेसेजमध्ये पाठवू नका. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारख्या युनिकोड फॉन्टमध्ये मांडणी तुम्हीच करा, अक्षरांचं आकृतीत रूपांतर (आउटलाइन) करून पीडीएफ द्या आणि दुकानदाराला नाव पुन्हा टाइप करू देऊ नका. कोरण्याआधी प्रत्येक नमुन्याचा फोटो मागवा आणि तो त्या-त्या विजेतीलाच दाखवा.

हे करताना आणखी एक विचारून घ्या : नाव कसं हवं? माहेरचं, सासरचं, दोन्ही, की मधलं नाव आईचं? कंपनीच्या यादीतून उचललेलं नाव ती स्वतः वापरत असेलच असं नाही.

प्रश्न : कार्यक्रम साडेनऊपर्यंत लांबतो, अर्ध्या जणी आधीच उठून जातात. वेळ कशी आवरावी? (अमळनेर)

धुळ्याहून जळगावला येणारीला परत जायला दोन तास धरावे लागतात. तेव्हा संध्याकाळ म्हणजे चार ते साडेसात असं पत्रिकेतच छापा.

वेळ खातात ते सत्कार. दहा पाहुण्यांना शाल-श्रीफळ म्हणजे पंधरा मिनिटं गेली. पाहुण्यांचं स्वागत त्यांच्या खुर्चीशीच, कार्यक्रमाआधी उरका. व्यासपीठावर प्रमुख पाहुणी एकच आणि तिला बारा मिनिटं. एका पुरस्काराला तीन मिनिटं लागतात : चाळीस शब्दांचं मानपत्र, चालत येणं, फोटो आणि विजेतीचं एक मिनिट. आठ पुरस्कारांची चोवीस मिनिटं झाली. विजेत्यांना व्यासपीठाजवळच्या टेबलांवर कडेला बसवा, पायऱ्यांशी हात द्यायला एक जण उभी ठेवा.

उरलेला वेळ गप्पांना द्या, त्यासाठीच तर सगळ्या येतात. खुर्च्या रांगेत न मांडता आठ-आठ जणींची गोल टेबलं लावा आणि एका कंपनीच्या दोघींपेक्षा जास्त एका टेबलावर बसवू नका. लहान मुलांसाठी शेजारची खोली आणि दोन मावश्या ठेवा. हा खर्च काटायला सगळ्यात आधी सुचतो, पण त्यावरच तरुण आयांचं येणं अवलंबून असतं.

जेवण सव्वासहाला सुरू करा, शेवटी नको. जानेवारीत भरीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या ठेवा. शंभर जणींना पंचवीस किलो वांगी लागतात, कारण भाजून-सोलून वजन बरंच उतरतं. तिखट बेताचं सांगा आणि दह्याचं पातेलं शेजारी ठेवा. साडेसातला गाड्या दारात हव्यात. कोण कोणत्या गाडीत बसली याची यादी एका जणीकडे ठेवा, आणि शेवटचा "पोचले" असा मेसेज येईपर्यंत तिने फोन बाजूला ठेवू नये.