आईला अजून सांगितलं नाही?

"ताई, वय ४६. नागपूरच्या मिहान उद्योग-परिसरातल्या एका कंपनीत नोकरीला आहे. रात्री-अपरात्रीचे कॉल, त्यात बीपी वाढलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने फेब्रुवारीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत बिनपगारी रजा घेतली. कंपनीने ती लेखी मंजूर केली आहे. बायको शिक्षिका आहे. तिला आणि मुलीला हे माहीत आहे, आईला नाही. आई ७४ वर्षांची, तिला वाटेल नोकरी गेली. म्हणून मी रोज नऊला डबा घेऊन निघतो. मेट्रोने सीताबर्डीला जातो, कधी महाराजबाग, कधी अंबाझरी, आणि सहाला घरी. मागच्या आठवड्यात मुलीच्या मैत्रिणीने मला बागेत पाहिलं. रविवारी घरी असलो की बायकोशी वाद होतो. मी स्वयंपाकघर नीट लावून दिलं तर ती दोन दिवस बोलली नाही. मन कशात लागत नाही. रजा संपण्याआधीच परत रुजू व्हावं का?"
– एक वाचक, मनीषनगर

भाऊ,

मिहानला जायचं तर खापरीच्या बाजूची गाडी पकडावी लागते. तुम्ही फेब्रुवारीपासून रोज उलट्या दिशेच्या गाडीत बसताय आणि मला विचारताय की मन का लागत नाही!

रुजू होण्याचं नंतर बोलू. आधी हे बघा की डॉक्टरांनी तुम्हाला विश्रांती सांगितली होती, आणि तुम्ही नागपूरचा एप्रिल नऊ ते सहा रस्त्यावर काढताय. पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की इथे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि बीपीचा पेशंट बागेतल्या बाकावर! ऑफिसमध्ये निदान एसी होता. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त जातं. उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा की बदलायचा, हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने गोळी मात्र बंद करू नका.

आता आई. तिला वाटेल नोकरी गेली, हे तुम्हीच ठरवून टाकलंत. मुलीच्या मैत्रिणीने पाहिलंय म्हणजे तिच्या घरी कळलंय. मनीषनगर कितीही पसरलं असलं तरी बायकांच्या भिशीपुढे ते लहानच आहे. आईला हे तिसऱ्याच्या तोंडून कळलं, तर मग तिला नक्कीच वाटेल की नोकरी गेली, कारण चांगली गोष्ट कोणी कशाला लपवेल? उद्या सकाळी चहाच्या वेळी मंजुरीचं पत्र हातात घेऊन तिच्याजवळ बसा. "आई, बीपी वाढलं होतं, डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. नोकरी आहे, नोव्हेंबरात परत जायचंय. तोवर पगार नाही, पण घर चालेल एवढी सोय केली आहे." पैशाचं वाक्य गाळू नका, तिच्या मनात पहिला प्रश्न तोच येणार. ती रागावेल. "काहून रे, मले पहिलेच काहून नाही सांगतलं?" म्हणेल. म्हणू द्या. दुपारपर्यंत ती तुमच्या भाजीतलं मीठ कमी करायला लागेल आणि संध्याकाळी शेजारी बातमी पोचवेल. पोचवू द्या, तुमचं एक काम वाचलं. बाकी चौकात कोणी "काय भाऊ, आज सुट्टी?" विचारलं तर "रजेवर आहे" एवढं पुरे. कारणांची पोथी उघडून बसू नका.

खरा राग मला त्या डब्याचा आला. तुम्ही बागेत बसून खाता तो डबा करतं कोण? पत्रात लिहिलं नाहीत, पण ती शिक्षिकाच करत असणार, स्वतःची शाळा गाठायच्या आधी. तुम्ही कुठेही जात नाही हे तिला ठाऊक आहे, तरी सासूसमोर तुमचं नाटक टिकावं म्हणून ती रोज पहाटे पोळ्या लाटते. त्यावर रविवारी तुम्ही तिचं स्वयंपाकघर "नीट लावून" देता. म्हणजे इतकी वर्षं ते नीट नव्हतं? झोप डोळ्यांवर असताना हात लांबवला आणि तिखटाचा डबा हाती आला, हेच तिच्यासाठी नीट. दोन दिवसच बोलली नाही, हा तिचा मोठेपणा.

निवृत्त नवऱ्यांच्या बायकांची पत्रं मला नेहमी येतात आणि रडगाणं एकच असतं: साहेब घरी बसले आणि त्यांना घरातल्या चुका दिसायला लागल्या. तुम्ही ४६ व्या वर्षीच तिथे पोचलात. ऑफिसात दर दहा मिनिटांनी कोणीतरी तुम्हाला काहीतरी विचारत होतं. घरात कोणी विचारत नाही, कारण घर तुमच्याशिवाय चालायला केव्हाच शिकलंय. ते टोचतं, मान्य. म्हणून माणूस सुधारणा करत सुटतो. डबे तिला हवे तसे लावू द्या, तुम्ही नुसते हातात द्या. माफी मागायची असेल तर मागा, स्पष्टीकरण देऊ नका.

मे लागला की तिची शाळा सुटेल. आपल्याकडे ऊन बघून शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. वर्षातला एवढाच सलग मोकळा वेळ तिला मिळतो, त्यातही कुरड्या, सरगुंडे, लोणचं, माहेरची फेरी. यंदा तिच्या सुट्टीत तुम्हीही घरात असणार. तेव्हा सुट्टी लागायच्या आधीच तिला विचारा की या दिवसांत कोणतं काम पूर्ण माझ्याकडे देतेस. पूर्ण म्हणजे आठवण ठेवण्यासकट. "सांग, काय आणू?" असं विचारणारा माणूस कामाचं ओझं हलकं करत नाही. आईचं दवाखान्याचं सगळं घ्या: गोळ्या संपायच्या आत आणणं, डोळ्यांची तपासणी, रिपोर्टची फाइल. किंवा संध्याकाळचा स्वयंपाक घ्या, पहिल्या आठवड्यात वरण पातळ झालं तरी कोणी मरत नाही. नाहीतर कूलर आहेच: खस बदलायची, पंप बघायचा, टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय आपणच करून ठेवतो.

फिरायचं तर पहाटे साडेपाचला निघा, सेमिनरी हिल्स किंवा तुमचं लाडकं अंबाझरी, आणि ऊन चढायच्या आत घरी या. दुपारी झोपा, खुशाल झोपा. मे महिन्यात नागपुरात दुपारी झोपणं हा आळस असेल तर सगळं शहर आळशी आहे. फक्त तासाभराने उठा, म्हणजे रात्रीची झोप जाणार नाही. ऑफिसचा ग्रुप म्यूट करा. आणि या वेळेत गिटार शिक, जर्मन शिक, यूट्यूब चॅनल काढ असं सुचवणारे भेटतील. माझं ऐकाल तर पावसाळा अर्धा होईपर्यंत काहीही शिकू नका. तुम्हाला सवय आहे टार्गेटची, विश्रांतीचंही टार्गेट कराल.

पैशाचं थोडक्यात. पगार नाही तर पीएफमध्येही भर पडत नाही, हे धरून चाला. कंपनीचा आरोग्य विमा रजेच्या काळात तुम्हाला आणि घरच्यांना लागू आहे का, हे एचआरला मेल करून लेखी विचारा. तोंडी "हो सर, असेल" यावर बसू नका.

"मन कशात लागत नाही" हे वाक्य मी सोडून दिलेलं नाही. आईला सांगून, घरात राहूनही दोन आठवडे झोप आणि भूक गेलेलीच राहिली, सगळं निरर्थक वाटत राहिलं, तर डॉक्टरांना तेही सांगा. मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला संकोच वाटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीत बोलता येतं.

राहिला तुमचा प्रश्न. आज रुजू झालात तर ते बरे झालात म्हणून नसेल, बागेतला बाक चुकवायला जाल. ऑगस्टपर्यंत थांबा. बीपीच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते हो म्हणाले तर कंपनीशी बोलताना पहिला विषय रात्रीच्या कॉलचा काढा: आठवड्याला किती, किती वाजेपर्यंत. उत्तर मेलवर घ्या. तेवढं मिळालं तर खुशाल लवकर जा. नाही मिळालं तर ऑक्टोबरअखेरची तारीख हलवू नका, आणि उरलेल्या रजेत दुसरीकडे चौकशी सुरू करा.

– तुमची ताई