दोन किलोमीटरची ई-बँड लिंक ठाण्याच्या पावसात टिकेल का?

ठाण्यातील रस्त्यालगतच्या खांबांवर स्मॉल सेल (मोबाइल नेटवर्कची छोटी केंद्रे) बसवायचे आहेत, खोदकामाची परवानगी अडल्याने फायबर टाकता येत नाही, म्हणून दोन किलोमीटरवरच्या गच्चीवरून ई-बँडची (71 ते 76 आणि 81 ते 86 गिगाहर्ट्झ) एकच बिनतारी लिंक द्यावी का, आणि माहितीपत्रकातले 10 गिगाबिट खरोखर मिळतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ई-बँड जरूर घ्यावा, पण दोन किलोमीटर एका उडीत पार करू नयेत.

आधी वेगाचे पाहू. 10 गिगाबिटचा आकडा साधारणपणे 2000 मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल धरून दिलेला असतो. आपल्याकडे जून 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 5जी लिलावाच्या निर्णयाबरोबर ई-बँडमधील 250 मेगाहर्ट्झची दोन कॅरियर (फ्रिक्वेन्सीचे पट्टे) तात्पुरत्या स्वरूपात द्यायचे ठरवले. दोन्ही मिळून होणाऱ्या 500 मेगाहर्ट्झमध्ये, 256 क्वाम या वेगवान मॉड्युलेशनवर (लहरीवर माहिती चढवण्याच्या पद्धतीवर), एका पोलरायझेशनला (लहरीच्या कंपनाच्या एका दिशेला) साधारण 3 गिगाबिट मिळतात. काही स्मॉल सेलच्या समूहाला ते पुरेसे आहेत.

निर्णय खरा अडतो तो पावसावर. इथे दिवसभराची बेरीज कामाची नाही, त्या त्या मिनिटाचा दर महत्त्वाचा. रात्रभर रिपरिप पडून 150 मिलिमीटर पाऊस झाला तरी लिंकला फारसे काही होत नाही. पण तासाला 100 मिलिमीटर या दराने दहा मिनिटे सर कोसळली, तर 80 गिगाहर्ट्झला दर किलोमीटरमागे सिग्नलचे सुमारे 30 डेसिबल जातात (दर 10 डेसिबलला शक्ती दहापट घटते). त्याच सरीत 18 गिगाहर्ट्झचे, व्हर्टिकल पोलरायझेशनवर, आठच्या आसपास जातात. शिवाय एका केंद्राची नोंद साऱ्या परिसराला लागू पडत नाही: 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम 74 झाला होता.

आता हिशेब मांडू. दोन्ही टोकांना 30 सेंटीमीटरची डिश (प्रत्येकी 43 डीबीआय; डिश सिग्नल किती एकवटते त्याचे हे माप) आणि 15 डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबल) पॉवर धरली, तर एक किलोमीटरवर कोरड्या हवेत सुमारे उणे 30 डीबीएम सिग्नल येतो. क्यूपीएसके या संथ पण चिवट मॉड्युलेशनची मर्यादा उणे 65 च्या आसपास असते, म्हणजे हाताशी 35 डेसिबलचे मार्जिन राहते. वर सांगितलेल्या सरीत, रेडोमवरच्या (डिशच्या झाकणावरच्या) पाण्याच्या थरासकट, ही लिंक वेग खूप कमी करून का होईना, कशीबशी तग धरते. दोन किलोमीटरवर मार्जिन 29 वर येते आणि पावसाचे नुकसान त्याच्या बरेच पुढे जाते. तिथे लिंक तुटणारच. म्हणून मध्ये एक टप्पा घेऊन 700 मीटर ते एक किलोमीटरच्या उड्या कराव्यात. तशी जागा मिळत नसेल, तर एकाच डिशवर 18 आणि 80 गिगाहर्ट्झ एकत्र चालवणारे रेडिओ घ्यावेत, म्हणजे सरीत मोठी वाहतूक मंदावते, पण कॉल आणि सिग्नलिंग चालू राहते.

खांबावर 60 सेंटीमीटरची डिश लावण्याचा मोह टाळावा. तिचा बीम जेमतेम अर्धा अंश रुंद असतो, आणि दिव्याचा खांब वाऱ्यात, जड वाहन जवळून गेले की, तेवढा सहज हलतो. 30 सेंटीमीटरच्या डिशचा बीम साधारण एक अंशाचा असल्याने ती खांबाची हालचाल बरीच सोसते.

लाइन ऑफ साइटची (दोन टोकांमध्ये काही आड येत नाही ना, याची) पाहणी एप्रिलमध्ये झाली असेल, तर ती जुलैत पुन्हा करावीच. उन्हाळ्यात उघड्या फांद्यांमधून समोरची गच्ची स्वच्छ दिसते. पहिल्या पावसानंतर तोच गुलमोहर गर्द होतो आणि ओली पाने या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ भिंतीसारखी अडवतात. गणपतीच्या मंडपांच्या कमानी आणि फ्लेक्सही रस्त्याच्या उंचीवरच उभे राहतात, म्हणून खांबावरचा रेडिओ शक्य तेवढा वर घ्यावा.

शेवटचा मुद्दा सिंक्रोनायझेशनचा, म्हणजे सेलची घड्याळे जुळवण्याचा. टीडीडी 5जीला (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या 5जीला) वेळेतला फरक 1.5 मायक्रोसेकंदाच्या आत लागतो. वेळेची पॅकेट याच लिंकवरून जाणार असतील, तर त्यांना सर्वांत वरची प्रायॉरिटी द्यावी आणि रेडिओ पीटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीला) हार्डवेअर पातळीवर सपोर्ट करतो का, हे खरेदीपूर्वी लेखी विचारावे; मॉड्युलेशन खाली उतरताना रांगेत अडकलेले पॅकेट सेलची वेळ बिघडवते, आणि ती तक्रार पुढे कित्येक दिवस रेडिओच्या दोषाच्या नावाने फिरत राहते.