शे (Shay) इंजिनांचा नाद लागलाय? आधी एवढंच बघा

स्वागत! बॉयलरचा दाब, सिलिंडरची मापं यात आत्ताच शिरू नका. शे हे जंगलातून लाकूड ओढणारं वाफेचं रेल्वे इंजिन. आधी अशा इंजिनांची तीन घराणी ओळखायला शिका:

- शे: उभे सिलिंडर, तेही फक्त उजव्या बाजूला. तोल साधायला बॉयलर डावीकडे सरकवलेला.
- क्लायमॅक्स: दोन्ही बाजूंना तिरके सिलिंडर, फिरता दांडा पोटाखालून.
- हाइस्लर: सिलिंडर इंग्रजी व्हीसारखे.

तिन्हींत गिअरमधून सगळ्या चाकांना जोर मिळतो, म्हणून वेड्यावाकड्या कच्च्या रुळांवर ती टिकली.

नवखे हमखास फसतात ते फोटोत. शे डावीकडून टिपतात आणि मग विचारतात, यंत्र कुठंय? (मीही केलंय. अख्खा रोल वाया.) दुसरी चूक, आवाजावरून वेग ठरवणं. भकभक ऐकून वाटतं गाडी सुसाट निघाली. प्रत्यक्षात ती रांगत असते.

एकच जागा बघायची तर अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातली कॅसची पर्यटक रेल्वे. तिथं १९०५ सालचं शे क्रमांक ५ आहे आणि १९४५ मध्ये बनलेलं शेवटचं शेसुद्धा. तिथल्या रुळांचा चढ काही ठिकाणी ११ टक्के. आपल्या माथेरानचा कडक चढ १:२०, म्हणजे ५ टक्के! डब्यात बसण्याआधी इंजिनाच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहा.