स्लॅपडी वारंवार पडतो, वीज असूनही

प्रश्न : नांदेडच्या आमच्या कॉलेजात दोन लॅबचे लॉगिन एकाच ओपनएलडॅप (वापरकर्त्यांची नावे-पासवर्ड ठेवून लॉगिन तपासणारी प्रणाली) सर्व्हरवर चालते. सर्व्हरवर डेबियन १० (लिनक्सचा एक प्रकार) आहे. आठवड्यातून एकदा तरी स्लॅपडी (ओपनएलडॅपचा मुख्य प्रोग्रॅम) बंद पडतो आणि सगळी लॅब खोळंबते. लोडशेडिंगला दोष दिला, तर सर्व्हर इन्व्हर्टरवर आहे. विनापासवर्ड प्रवेश बंद केला, तरी तेच. काय करावे?

उत्तर : आधी 'अपटाइम' बघा. मशीन कित्येक दिवस चालू आणि स्लॅपडी तेवढा गेलेला असेल, तर विजेचा संबंध नाही. मग कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग उघडा. 'आउट ऑफ मेमरी' दिसले तर रॅम अपुरी पडते आहे. स्लॅपडीच्या नावापुढे 'सेगफॉल्ट' (मेमरीतल्या चुकीने प्रोग्रॅम कोसळणे) असेल, तर पहिला संशय सीव्हीई-२०२०-१२२४३ या नोंदलेल्या सुरक्षा-छिद्रावर घ्यावा.

ते छिद्र असे : एलडॅपच्या शोधात 'आणि', 'किंवा', 'नाही' अशा अटी कंसात कंस घालून लिहिता येतात. त्या उलगडताना स्लॅपडीचे फंक्शन दर कंसाला स्वतःलाच पुन्हा बोलावते आणि दर वेळी स्टॅकमधली (फंक्शनसाठी राखलेल्या मेमरीतली) थोडी जागा खाते. हजारो कंस एकात एक घालून कुणी पाठवले की स्टॅक संपतो आणि प्रोसेस मरते. ओपनएलडॅप २.४.५० च्या आधी या खोलीला मर्यादाच नव्हती. हे सारे परवानगी तपासण्याच्या आधीच घडते, म्हणून तुमची विनापासवर्ड बंदी इथे कामी आली नाही. साइझलिमिट, टाइमलिमिट (शोधातून किती नोंदी द्यायच्या आणि किती वेळ घ्यायचा याच्या मर्यादा) याही येणार नाहीत. आपोआप रीस्टार्ट लावला, तरी तीच विनंती पुन्हा येते.

आवृत्ती तपासताना एक चकवा आहे. डेबियनने आकडा २.४.४७ च ठेवून दुरुस्ती त्यातच घातली. त्यामुळे डीपीकेजीच्या (डेबियनच्या पॅकेज सांभाळणाऱ्या साधनाच्या) यादीत पॅकेजच्या आकड्याची शेपटी वाचा : 'डेब१०यू२' किंवा त्यापुढची असेल तर हे छिद्र बुजलेले आहे. मग कारण दुसरे; सेगफॉल्टची वेळ आणि त्या मिनिटाला जोडलेले आयपी पत्ते ताडून पाहा.

तरीही डेबियन १० वर राहू नका, त्याचा एलटीएस (दीर्घकाळ मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या) ३० जून २०२४ ला संपला. हलवण्याआधी स्लॅपकॅटने (ओपनएलडॅपचा डेटा फाइलीत उतरवणाऱ्या आज्ञेने) दोन प्रती काढा : '-एन ०' ने कॉन्फिगरेशन, '-एन १' ने डेटा. डेबियन १२ मध्ये ओपनएलडॅप २.५ आहे आणि त्यातून बीडीबी व एचडीबी हे डेटा साठवण्याचे जुने प्रकार काढून टाकले आहेत. तुमचा डेटाबेस त्यांपैकी असेल तर एमडीबी या नव्या प्रकारचा डेटाबेस तयार करून त्यात डेटा भरावा लागेल. प्रती न काढता अपग्रेड केलेत, तर इथेच अडकाल.

तोवर राउटरवर ३८९ (एलडॅपचा पोर्ट) बाहेरून खुला असेल तर आजच बंद करा. फायरवॉलमध्ये फक्त लॅबचे सबनेट (लॅबच्या आयपी पत्त्यांचा गट) ठेवा. लॉगिन न केलेल्याला एका विनंतीत २,६२,१४३ बाइट पाठवता येतात. ही मर्यादा ठरवणारी 'ओएलसीसॉकबफमॅक्सइनकमिंग' ही सेटिंग १६३८४ वर आणा. लॅबच्या लॉगिनची विनंती साधारण काहीशे बाइटांचीच असते.