ओंजळीतलं पाणी जाणार कुठून? बागेतल्या लाकडी शिल्पांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वादळात अंगणातला जुना आंबा पडला. बुंधा दीड फूट जाड आणि सहा फूट लांब आहे. त्यातून मूर्ती कोरून बागेत उभी करायची आहे. आंब्याचं लाकूड चालेल का? (कराड)

उत्तर : कोरायला उत्तम, उघड्यावर ठेवायला नाही. आंब्याचं लाकूड पटाशीखाली छान निघतं, पण बुरशीला आणि पोखरणाऱ्या किड्यालाही ते तितकंच आवडतं. पावसात उघडी उभी राहिलेली मूर्ती दोन-तीन पावसाळ्यांत पायाकडून भुसभुशीत होते. पडवीत किंवा ओसरीत ठेवणार असाल तर जरूर कोरा. डोक्यावरच्या छपराने किती फरक पडतो ते कार्ल्याच्या चैत्यगृहात दिसतं. तिथल्या कमानदार छताच्या लाकडी फासळ्या कातळाच्या आडोशाला सुमारे दोन हजार वर्षं टिकून आहेत.

ओंडका कापण्याआधी स्थानिक वृक्ष अधिकाऱ्याच्या कार्यालयात कळवा. शहरी भागात १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि पडलेल्या झाडाबद्दलही विचारून घेतलेलं बरं. मग लगेच साल काढा. सालीखालीच किडा अंडी घालतो. दहा लिटर कोमट पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा, सगळीकडून तीन वेळा ब्रशने लावा आणि ओंडका प्लास्टिकमध्ये तीन-चार आठवडे गुंडाळून ठेवा. लाकूड ओलं असतानाच हे द्रावण आत झिरपतं, सुकल्यावर नाही. पावसाने ते धुऊनही जातं, म्हणून हा उपाय छपराखालच्या मूर्तीसाठीच. प्लास्टिक काढलं की दोन्ही कापलेल्या तोंडांना वितळलेलं मेण किंवा जुना ऑइलपेंट जाडसर फासा आणि ओंडका विटांवर, सावलीत, वारा लागेल असा ठेवा. एवढा ओला ओंडका अडीचशे-तीनशे किलो भरतो. दोघांनी उचलायच्या भानगडीत पडू नका, चेनपुली आणा.

उघड्यावरच हवं असेल तर साग, शिसम, खैर किंवा फणस घ्या, तेही गाभ्याचं. सागाचा बाहेरचा पांढरा भाग वाळवी आंब्याइतक्याच आनंदाने खाते. लागवडीतल्या कोवळ्या सागात हा पांढरा भाग बराच असतो, म्हणून ओंडक्याचं तोंड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न : सागाच्या ओंडक्यात कोरलेल्या चेहऱ्याला एप्रिलमध्ये कपाळापासून हनुवटीपर्यंत चीर गेली. भुसा आणि पांढरा गोंद कालवून ती भरली. पावसाळ्यानंतर शेजारी दुसरी चीर पडली. चूक कुठे झाली? (नाशिक)

उत्तर : भरण्यात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि चीर आपोआप मिटू पाहते. तिथे तुम्ही कडक लुकण बसवलंत, ते पाचरीसारखं काम करतं आणि लाकूड दुसरीकडून फाटतं. आता लुकण बारीक पटाशीने उकरून काढा आणि चीर मोकळी राहू द्या. तिच्यात वरून पाणी उतरू नये एवढं बघा. कपाळावरचं चिरेचं टोक किंचित उतरतं तासलं की पाणी बाजूला जातं.

मुळात चीर का पडते? वाळताना लाकूड त्याच्या वर्तुळांच्या दिशेने जितकं आक्रसतं, तितकं मध्याकडून सालीकडे आक्रसत नाही. फरक जवळपास दुप्पट असतो. अख्ख्या ओंडक्यात मधला गर तसाच राहिला की ताण कुठेतरी फुटणारच. तो कुठे फुटावा हे आपण ठरवू शकतो. पुढच्या वेळी कोरायला बसण्याआधी मूर्तीच्या पाठीच्या बाजूने, वरपासून खालपर्यंत, थेट मध्यापर्यंत करवतीने एक खाप घ्या. वाळताना तीच खाप रुंदावत जाते आणि चेहरा वाचतो. मोठ्या मूर्तीला याहून बरं म्हणजे पाठीकडून पोकळ करणं. सहा ते आठ सेंटिमीटर जाडीची भिंत राहिली तरी पुरते. ओल्या लाकडात ढोबळ आकार काढून ठेवा, सगळीकडे दोन-तीन सेंटिमीटर जास्तीचं राहू द्या आणि बारीक काम वाळल्यावर करा. वाळलं की नाही हे कळायला दर पंधरवड्याला वजन करा. सलग तीन वेळा वजन उतरलं नाही की नाकडोळे कोरायला घ्या.

प्रश्न : शिसमाची चार फुटी उभी मूर्ती करून घेतली आहे, दोन्ही हातांची ओंजळ पुढे केलेली. बागेत पक्की बसवायची आहे. गवंडी म्हणतो, पाय फूटभर काँक्रीटमध्ये गाडू. (गुहागर)

उत्तर : गाडू देऊ नका. काँक्रीटच्या खळग्यात पाणी उतरतं आणि बाहेर यायला वाट नसते. पाय त्या पेल्यात भिजत राहतो. पाणी लागलं म्हणून लाकूड कुजत नाही, पाणी साचलं म्हणून कुजतं. आपल्या वाड्यांतला लाकडी खांब कधी मातीत रोवलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो. तुम्हीही तेच करा.

दीड फूट चौरस आणि दीड फूट खोल खड्डा घेऊन त्यात १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी) भरा, माथा जमिनीच्या वर चार बोटं ठेवा आणि चारही बाजूंना उतार द्या. (देशावरच्या काळ्या मातीत खड्डा तीन फूट न्यावा आणि तळाला मुरूम ठोकावा, ती माती फुगते आणि चौथरा कलंडतो.) त्यावर काळ्या दगडाचा २५ सेंटिमीटर उंचीचा तळखडा. जांभा नको, तो पाणी धरून ठेवतो. पावसाचे थेंब जमिनीवर आपटून चिखलासकट फूटभर उडतात, त्याच्या वर लाकूड राहिलं पाहिजे.

२० मिलिमीटर जाडीचा, ९० सेंटिमीटर लांब स्टेनलेस स्टीलचा गज घ्या, समुद्राजवळ ३१६ प्रतीचाच. काँक्रीट ओलं असतानाच तो ओळंब्यात उभा करा : ३५ सेंटिमीटर काँक्रीटमध्ये, २५ दगडातून, दोन मोकळे आणि २८ मूर्तीत. साधी लोखंडी सळई गंजून फुगते आणि लाकूड फोडते, शिवाय लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी मिळून काळे ओघळ सोडते. मूर्तीतलं भोक २२ मिलिमीटरचं, खालून वर, मधला गर टाळून घ्या आणि आत गोंद भरू नका. मूर्ती फिरू नये म्हणून शेजारी दुसरा, बोटभर लांबीचा गज हवा. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये स्टीलच्या चकत्या ठेवून दोन सेंटिमीटर फट राखा. बरेच जण तिथे रबर घालतात. त्याने ओल धरते, फट ठेवण्याचा हेतूच जातो.

बसवण्याआधी मूर्तीचा पाय उकळलेल्या जवसाच्या तेलाच्या (दुकानात ‘बॉइल्ड लिनसीड’ म्हणून तयार मिळतं, घरी उकळायचं नाही) परातीत रात्रभर उभा ठेवा. आडवं कापलेलं तोंड इतर बाजूंपेक्षा कितीतरी पट जास्त पाणी ओढतं, तेवढंच तेलही पिऊन घेतं.

आता ओंजळ. गुहागरच्या पावसात ती चार महिने भरलेली राहील आणि मनगटं आतून कुजतील. ओंजळीच्या सगळ्यात खोल जागी गिरमिटाने आठ मिलिमीटरचं भोक पाडा, ते तिरकं खाली नेऊन मनगटांच्या मागे बाहेर काढा. भोकाच्या आतूनही तेल फिरवा. मग पेलाभर पाणी ओतून बघा. थेंबभर जरी राहिलं तरी तळ पुन्हा तासा. श्रावणात पानं पडून भोक बुजतं, म्हणून आठवड्याला काडी घालून साफ करायला लागेल. डोळ्यांच्या खोबणी, खांद्यावरच्या वस्त्राच्या चुण्या यांनाही खालच्या कडेने अशीच बारीक वाट काढून द्या.

वाळवीचं सांगायचं तर फटीमुळे तिची मातीची नळी दगडावर उघड दिसते. दिसली की खरवडून काढा आणि चौथऱ्याभोवती इमिडाक्लोप्रिड हे वाळवीचं औषध (३०.५ टक्के) पाण्याच्या लिटरला दोन मिलिलिटर या प्रमाणात मातीत ओता. विहीर, मासे सोडलेली टाकी किंवा भाजीचा वाफा जवळ असेल तर ओतू नका. नजर ठेवणं आणि खरवडणं एवढ्यावर भागवा.

प्रश्न : गच्चीवरच्या शिल्पाचं व्हार्निश वर्षभरात पापुद्रे धरून निघालं. आता काय लावू? (ठाणे)

उत्तर : पुन्हा व्हार्निश नको. उन्हाने पापुद्रा तडकतो, तडीतून पाणी आत जातं आणि पापुद्र्याखालीच अडकतं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळं घासून काढा. उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घेऊन पहिला हात द्या, नंतरचे दोन हात नुसत्या तेलाचे, मध्ये दोन-दोन दिवस सोडून. प्रत्येक वेळी अर्ध्या तासाने वर राहिलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट थरावर काळी बुरशी धरते. कच्चं जवस तर आमच्या मते बाहेरच्या कामाला नकोच, ते आठवडे-आठवडे वाळत नाही. तेलात चिमूटभर गेरू घातला तर ऊन अडतं, रंग मात्र लालसर होतो. दरवर्षी मे महिन्यात एक हात पुरे.

तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून वाळवा.

काहीच लावलं नाही तर साग रुपेरी करडा होतो. ऊन वरचा थर फोडतं आणि पाऊस तो धुऊन नेतो. आतल्या लाकडाला त्याने धक्का लागत नाही. गर्द हिरव्या झाडीपुढे हा करडा रंग फार सुंदर दिसतो.

प्रश्न : वाळून गेलेल्या झाडाच्या उभ्या खोडातच शिल्प कोरलं तर? (सांगली)

उत्तर : मुळं जमिनीत कुजत असतात आणि खोड त्यांच्यातून ओल ओढत राहतं. पाच-सात वर्षांचं काम समजून कोरा, आणि रस्त्याच्या किंवा मुलांच्या खेळण्याच्या कडेला असेल तर मुळीच नको. दर पावसाळ्याआधी बुंध्याशी लोखंडी टोचा दाबून बघा. दोन सेंटिमीटर सहज आत गेला तर शिल्प कापून तळखड्यावर घ्या.