नर्सिंगच्या विद्यार्थिनींना क्लिनिकल जजमेंट आणि रुग्णाविषयीची आस्था शिकवता येते का?

आपण नुकत्याच जीएनएम या नर्सिंग पदविकेच्या ट्यूटर म्हणून रुजू झाला आहात. मुलींना लेखी परीक्षेत चांगले गुण मिळतात, पण वॉर्डात डोळ्यांसमोर रुग्ण बिघडत असला तरी त्यांच्या लक्षात येत नाही आणि रुग्णाशी त्या कोरडेपणाने बोलतात, असे आपण लिहिले आहे. या दोन्ही गोष्टी शिकवता येतात की उपजतच असाव्या लागतात, असा आपला प्रश्न आहे. मी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी सतरा वर्षांपासून नर्सिंग शिकवते आहे. माझ्या अनुभवाने त्या शिकवता येतात, मात्र वेगवेगळ्या शिकवता येत नाहीत. जिला रुग्णाचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याची सवय नाही, तिला रुग्णात झालेला बदलही दिसत नाही.

हे मला एका चुकीतून कळले आणि ती चूक विद्यार्थिनीची नव्हती, माझी होती. सोयाबीनवरच्या फवारणीचे दिवस होते आणि फवारणीचे औषध पोटात गेलेले चार रुग्ण मेडिसिन वॉर्डात एकाच वेळी दाखल होते. त्यांपैकी चाळिशीच्या एका शेतकऱ्याला येऊन दोन दिवस झाले होते. तोंडातून येणारी लाळ थांबली होती, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या पूर्ववत होत होत्या, छातीतली घरघर गेली होती, ॲट्रोपिन हा उतारा कमी करत आणला होता आणि सकाळच्या राऊंडला केस पेपरवर 'इम्प्रूव्हिंग' असा शेरा पडला होता. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी त्यांच्या खाटेपाशी बराच वेळ रेंगाळली होती आणि तिच्याकडचे सहा टीपीआर, म्हणजे सहा रुग्णांचे ताप, नाडी आणि श्वास मोजणे, अजून बाकी होते, म्हणून मी तिला सगळ्यांसमोर खडसावले. ती निमूटपणे पुढे निघाली, जाता जाता एवढेच म्हणाली, "मॅडम, त्यांच्या बायको म्हणायल्यात की यांची मान उशीवरून उठंना गेलीय."

अशक्तपणा असेल, असे म्हणून मी तो विषय संपवला आणि पुढच्या खाटेकडे गेले. तिथे पोहोचल्यावर मात्र मला आठवले की ऑर्गनोफॉस्फरस गटातल्या अशा फवारणीच्या औषधांच्या विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांत, म्हणजे रुग्ण सुधारतो आहे असे वाटत असतानाच, मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे पडू शकतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ मध्ये या अवस्थेला 'इंटरमीडिएट सिंड्रोम' हे नाव दिले आणि उशीवरून डोके न उचलता येणे ही तिची पहिली खूण असते. हे मीच त्या वर्गाला शिकवले होते. परत जाऊन पाहिले तर त्यांना खरोखरच डोके उचलता येत नव्हते, श्वास मिनिटाला ३२ आणि उथळ होता, एका श्वासात आकडे मोजायला सांगितल्यावर ते सातच्या पुढे जाईनात. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर मात्र निवांतपणे ९६ दाखवत होता. डॉक्टरांना तातडीने बोलावले, रुग्णाला आयसीयूत हलवले आणि संध्याकाळी व्हेंटिलेटर लावावा लागला. पुढे ते बरे होऊन घरी गेले. त्या मुलीला त्या अवस्थेचे नावही आठवत नव्हते, पण तिने त्या बाईचे बोलणे ऐकले होते. मला नाव पाठ होते आणि मी ऐकले नव्हते.

क्रिस्टीन टॅनर या अमेरिकन नर्सिंग प्राध्यापिकेने २००६ मध्ये मांडलेल्या प्रारूपात परिचारिकेच्या विचाराचे चार टप्पे सांगितले आहेत: लक्षात येणे, अर्थ लावणे, कृती करणे आणि केलेल्या कृतीकडे मागे वळून पाहणे. आपल्याकडे शिक्षणाला सुरुवातच तिसऱ्या टप्प्यापासून होते, कारण प्रोसिजर बुकात सह्या कृतीच्या मिळतात, लक्षात आल्याच्या मिळत नाहीत.

म्हणून मी आता एक गोष्ट नेमाने करते. विद्यार्थिनीने केस पेपर उघडण्याआधी दोन मिनिटे खाटेपाशी उभे राहायचे, रुग्णाशी आणि जवळच्या नातेवाइकाशी बोलायचे आणि मग मला सांगायचे की तिला काय दिसले, त्याचा अर्थ तिला काय वाटतो आणि पुढच्या चार तासांत या रुग्णाच्या बाबतीत तिला कशाची भीती वाटते. तिसऱ्या प्रश्नावर मुली आधी गोंधळतात, पण विचार करायला खरी सुरुवात तिथूनच होते. समजा, झटके आलेल्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेट सुरू आहे. इंजेक्शन कसे भरायचे हे सगळ्यांना येते. पण भीती कशाची, असे विचारले की श्वास १६ च्या खाली जाईल, गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडेनासा होईल, चार तासांत लघवी १०० मिलीही होणार नाही, हे एकेक करून मुलीच सांगू लागतात आणि मग त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, कोणत्या कपाटात आहे हे त्या स्वतःहून पाहून येतात.

श्वासाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, कोणत्याही वॉर्डातले टीपीआर चार्ट चाळून पाहा. अर्ध्याअधिक रुग्णांचा श्वास २० लिहिलेला आढळेल. तो कोणी मोजलेला नसतो. पहिल्या आठवड्यात मी एकाच रुग्णाचा श्वास दोघींना वेगवेगळा, पूर्ण एक मिनिट मोजायला लावते आणि आकडे ताडून पाहते.

रुग्णाचे शब्द नोंदीत उतरवतानाही असेच हरवतात. "जीव घाबरा व्हायलाय", "कसंतरीच व्हायलंय" असे रुग्ण म्हणतो आणि मुली 'अँझायटी' लिहून मोकळ्या होतात. वस्तुतः आतून रक्तस्राव होत असलेला किंवा हृदयविकाराचा रुग्णही नेमके हेच म्हणतो. त्यामुळे माझ्या मुलींनी रुग्णाचे वाक्य आधी जसेच्या तसे मराठीत लिहायचे आणि त्याखाली आपला अंदाज लिहायचा, असा दंडक आहे.

आस्थेबद्दल बोलायचे तर गोड बोलणे म्हणजे आस्था, अशी मुलींची समजूत असते आणि 'कम्युनिकेशन स्किल'च्या तासांनी ती आणखी पक्की होते. कॅथेटर घालण्याआधी पडदा लावणे, 'बारा नंबर' न म्हणता नावाने किंवा मावशी, काका म्हणून हाक मारणे, सुई टोचण्याआधी सांगणे, हे तर झालेच पाहिजे. पण खरी कसोटी रुग्ण आपले ऐकत नाही तेव्हा लागते. बीडकडची एक ऊसतोड मजूर बाई बाळंतपणानंतर दुसऱ्याच दिवशी सुट्टी मागत होती. तिचे हिमोग्लोबिन सातच्या खाली होते आणि रक्त चढवायचे होते. विद्यार्थिनीने नोंदीत 'नॉन-कोऑपरेटिव्ह' असे लिहून टाकले. मी तिला सांगितले की हा शब्द खोडू नको, पण त्या बाईशी अर्धा तास बोलून ये आणि मग तो ठेवायचा का ते तूच ठरव. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची होती, कोयता नवरा-बायकोचा जोडीने होता, एक जण नसला की खाडा धरला जात होता आणि चार वर्षांची थोरली मुलगी फडावर शेजारणीच्या भरवशावर होती, एवढे ती ऐकून आली. तो शब्द तिने स्वतःच खोडला. बाई दोन दिवस काही थांबली नाही. मात्र तिच्या सासूला बोलावून घेतले, त्या रात्री एक पिशवी रक्त चढले आणि जाताना लोहाच्या गोळ्यांसोबत फडाजवळच्या आरोग्य केंद्रासाठी चिठ्ठी दिली गेली. त्या परिस्थितीत एवढेच शक्य होते आणि एवढे तरी त्या अर्ध्या तासामुळे झाले.

एक गोष्ट ट्यूटर म्हणून आपल्याला जपावी लागेल. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्येच दाखवून दिले होते की नवखी परिचारिका नियमांच्या आधारानेच चालते आणि प्रसंग एकदम उमगण्याची नजर पुष्कळ रुग्ण पाहिल्यावरच येते, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडून इन्चार्ज सिस्टरच्या नजरेची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यातून चारचौघांत बोलणी खाल्लेली मुलगी पुढच्या वेळी शंका बोलून दाखवत नाही. त्या दिवशी माझ्या खडसावण्यानंतर ती मुलगी ते एक वाक्य न बोलता निघून गेली असती तर काय झाले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

सगळ्या मुलींना हे एकदम जमणार नाही आणि चाळीस खाटांच्या वॉर्डात आपल्यालाही तेवढा वेळ मिळणार नाही. रोज फक्त दोघींना निवडा, त्यांचे टीपीआर त्या दिवसापुरते दुसऱ्या मुलींकडे द्या आणि त्यांना खाटेपाशी उभे राहू द्या.