पोराला काही कमी नाही, मग हे का होतंय? : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी आलेली पत्रं जवळजवळ सगळी सतरा ते सव्वीस वयाच्या पोरापोरींची, नाहीतर त्यांच्या घरच्यांची. नावं छापत नाही आणि गावंही जरा इकडची तिकडं केलीत, कारण आपल्या कोल्हापुरात दोन ओळींवरनं माणूस कुठल्या गल्लीतला ते ओळखतात.

प्रश्न : नमस्कार ताई, मी राधानगरी तालुक्यातला, वय २६, राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करालोय. दोनदा प्रिलिम निघाली, मेन्सला अडकलो. गेल्या काही महिन्यांपास्नं रात्री दोन-अडीचला दचकून जाग येते, छाती धडधडते, हात गार पडतात, श्वास पुरत नाही, वाटतं आता संपलो. एकदा रूमवरच्या पोरांनी गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले काय नाही, टेन्शन घेऊ नका. पोरं म्हणतात तालमीत चल, घाम काढ, सगळं जातंय. आता अभ्यासिकेत बसायची पण भीती वाटालीय, तिथं सगळ्यांसमोर झालं तर? आबा उसाच्या बिलातनं पैसे पाठवतात, त्यांना काय तोंड दाखवू. मला वेड लागतंय का?

उत्तर : नाही बाळा. वेडही लागत नाही आणि त्या रात्री तू मरतही नव्हतास. पत्रावरनं निदान करायचं नसतं, ते डॉक्टर करतील, पण तू लिहिलंयस ते पॅनिक अटॅकच्या वर्णनाशी अगदी जुळतंय. चोर नसताना घरातलं कुत्रं भुंकत सुटावं तसं शरीर धोका नसताना धोक्याची तयारी करतं, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडायला लागते, रक्त मोठ्या स्नायूंकडं वळतं म्हणून हात गार. मग तू भराभर श्वास घेतोस, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि ते बघून तू आणखी घाबरतोस. बहुतेक वेळा दहाएक मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग आपोआप उतरतं. पुढच्या वेळी झालं तर घड्याळ बघ आणि श्वास सोडताना जरा लांबव, चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. मोठा श्वास घे, मोठा श्वास घे असं शेजारचा ओरडत असेल तर त्याला गप्प बसायला सांग, त्यानं वाढतं.

ईसीजी नॉर्मल आला हे चांगलंच झालं, पण तेवढ्यावर थांबू नको, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून घे, थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी छाती अशीच धडधडते. आणि अभ्यासिकेखालच्या टपरीवर दिवसाला किती चहा होतात ते खरं खरं मोज, सोबत सिगरेट, मावा, ती एनर्जी ड्रिंकची बाटली असलं काही असेल तर तेही डॉक्टरला सांग.

तालमीचं म्हणशील तर जरूर जा, व्यायामानं झोप आणि भीती दोन्हीला फायदा होतो हे खरंच आहे. फक्त तालीम केली तरी अटॅक आला म्हणून आपणच कुठंतरी कमी पडलो असं समजू नको. एखाद्याचा गुडघा गेला तर त्याला कुणी जोर मार म्हणत नाही.

अभ्यासिका मात्र सोडू नको. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय. भीती वाटते म्हणून आज अभ्यासिका टाळली की उद्या बस नको वाटते, परवा मेस नको वाटते, आणि माणूस चार भिंतींत येऊन बसतो. सुरुवातीला अर्धाच तास जा, दाराजवळ बस, पण जा. यावर काम करायची पद्धत असते, तिला सीबीटी म्हणतात, समुपदेशक ती शिकवतात, गरज असेल तर डॉक्टर गोळ्याही देतात. दसरा चौकाजवळ सीपीआर आहे, सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, तिथं मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून ओपीडीला बसायचं, खर्च फार नाही. सकाळी लवकर जा, रांग असते.

परीक्षा द्यायची का सोडायची हे आत्ता ठरवू नको, झोप नसलेल्या डोक्यानं घेतलेला निर्णय कुठलाही असला तरी वाईटच वाटतो. आणि आबांना सगळं सांगायची गरज नाही. 'आबा, रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतंय, सीपीआरला दाखवालोय' एवढं म्हण. बापाला एवढं कळतं.

प्रश्न : मॅडम, आम्ही कागलजवळचे. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्स, नीटचा क्लास लावलाय. तिला काही कमी केलेलं नाही, वेगळी खोली, मोबाईल, गाडी, मागंल ते दिलं. दिवाळीपास्नं नीट बोलत नाही, ताटात अन्न टाकते, उकाड्यात पण फुल बाह्यांचा ड्रेस. परवा तिच्या दंडावर ओळीनं वण दिसले, तिनं स्वतःच केलेत. मी रडले, ह्यांनी आवाज चढवला आणि मोबाईल काढून घेतला. सासूबाई अमावास्येला देवऋष्याकडं घेऊन गेल्या. डॉक्टरकडं न्यायचं म्हटलं तर जाऊबाई म्हणतात पोरीच्या नावावर तसला कागद नको, उद्या स्थळं येणार आहेत. काय करू?

उत्तर : वहिनी, तुम्ही रडलात त्यात काही चुकलं नाही. आता पुढचं सांगते.

'काही कमी केलेलं नाही' हे वाक्य माझ्याकडं येणाऱ्या पत्रांत इतक्यांदा असतं की मी आता त्याची वाटच बघते. आईबापांचा हेतू चांगलाच असतो, पण पोरीला ऐकू येतं ते असं की सगळं मिळूनही तुला त्रास होतोय म्हणजे तूच नालायक. आणि तीही रात्रभर हेच शोधत बसते, मला कशाचं दुःख आहे? सापडत नाही, मग स्वतःचाच राग येतो. डेंग्यू झाल्यावर आपण विचारत नाही की तुला काय कमी केलं होतं. डिप्रेशनला कधी कारण दिसतं, कधी अजिबात दिसत नाही, आणि कारण सापडेपर्यंत उपचार थांबवायचे नसतात. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, बोलणं, अभ्यास सगळं बिघडलेलं असेल तर दाखवायचं, एवढं साधं धरा. तुमच्याकडं तर दिवाळीपास्नं चाललंय, त्यामुळं याच आठवड्यात जा.

वणांबद्दल. आत असह्य होतं ते बाहेर काढायला काही मुलं असं करतात, दरवेळी त्यात मरायची इच्छा असतेच असं नाही. पण पुढचा धोका त्यानं वाढतो, म्हणून विचारायचं. सरळ, हळू आवाजात : 'तुला कधी जगूच नये असं वाटतं का?' विचारल्यानं डोक्यात नसलेलं भरतं ही भीती खोटी आहे, उलट बऱ्याच मुलांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. हात दाखव म्हणू नका, परत करणार नाही अशी शपथ घालू नका, शपथ मोडली की ती तुमच्यापासून लपवायला लागेल. घरातल्या गोळ्या आणि शेतातली फवारणीची औषधं आजच कुलपात टाका, किल्ली तुमच्याकडं. हे तिला न हिणवता करा.

मोबाईल परत द्या, तिच्या मैत्रिणी त्यातच आहेत. रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा असं ठरवता येईल, सगळ्यांचाच, ह्यांचा पण. क्लास दोनचार दिवस चुकला तर चुकू द्या.

डॉक्टरकडं गेल्यावर तिला थोडा वेळ एकटीला बोलू द्या आणि बाहेर आल्यावर काय बोललीस म्हणून विचारू नका. कागदाचं म्हणाल तर मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ सालचा आहे, मे २०१८ पासून लागू आहे, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. ती अठराच्या आत असल्यामुळं पालक म्हणून सह्या तुमच्या लागतील, पण केसपेपर तुमच्या कपाटात राहणार, तो स्थळाच्या घरी जात नाही. (स्थळं सतराव्या वर्षी कसली येतात हा माझा वेगळा प्रश्न आहे, जाऊबाईंना विचारा.)

सासूबाईंशी भांडू नका. जोतिबाला जायचं, नवस बोलायचा, बोला, त्यांनाही नातीची काळजीच आहे. पण उपास, धुरी, अंगाला हात लावणं आणि गोळ्या बंद करा म्हणणं हे चालणार नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे देवऋष्याच्या कानावर घातलं तरी पुरतं.

आणि ह्यांना सांगा, बोलता येत नसेल तर नुसतं संध्याकाळी तिच्याशेजारी बसा, टीव्ही बघा. बरेच बाप तेवढ्यानं सुरुवात करतात.

प्रश्न : ताई, मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, २२ वर्षं. डिप्रेशनच्या गोळ्या सुरू करून बारा दिवस झाले, फरक शून्य, उलट मळमळतंय. मित्र म्हणतो ह्याची सवय लागते, सोड. सोडू का?

उत्तर : मित्राच्या सांगण्यावरनं सोडू नको. या गोळ्यांचा त्रास आधी येतो आणि फायदा नंतर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी सहा पण लागतात, आणि नेमकी याच मधल्या काळात लोक सोडून देतात. मळमळ बऱ्याच जणांची काही दिवसांत कमी होते, जेवल्यावर घेऊ का म्हणून डॉक्टरला विचार. डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही पण एकदम बंद केल्या की चक्कर, चिडचिड होते, म्हणून हळूहळू कमी करतात. काही झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय लागते. तुझ्या चिठ्ठीत दोन्ही असतील तर कुठली कशाची ते डॉक्टरकडनं समजून घे. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात. नाईट शिफ्ट असते हे सांगितलंयस का? सांग, वेळा बदलून देतील. दारू नको. आणि एक महत्त्वाचं, तुझ्या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थपणा किंवा मरायचे विचार वाढल्यासारखे वाटले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन कर.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावरचा जिगरी दोस्त ब्रेकअपनंतर बदललाय. सगळे ग्रुप सोडले, त्याची लाडकी बॅट मला दिली, म्हणला मला आता लागणार नाही भावा. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातलीय. मी ओव्हरथिंकिंग करालोय का?

उत्तर : नाही. शपथ मोड. तो महिनाभर बोलला नाही तरी चालेल.

हे वाचून झालं की त्याच्याकडं जा, फोनवर नको. 'तू मरायचा विचार करालायस का?' असं स्पष्ट विचार. हो म्हणाला किंवा गप्प बसला तर त्याला एकटा सोडू नको, त्याच्या घरच्या कुणातरी समजूतदार माणसाला, भाऊ, मामा, काकू कुणीही, तिथंच बोलावून घे आणि मिळून सीपीआरच्या अपघात विभागात नाहीतर जवळच्या दवाखान्यात न्या, रात्र असली तरी. ताबडतोब धोका वाटला तर ११२. 'एका पोरीसाठी एवढं काय' हे वाक्य तोंडातनं काढायचं नाही, कितीही आलं तरी. पोलिसकेस होईल म्हणून घरचे कचरतात, तर मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या त्याच कायद्याप्रमाणं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा करायची नसते, सरकारनं त्याला उपचार द्यायचे असतात.

तुलाही हे सगळं जड जाणार आहे. १४४१६ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला तू स्वतःसाठीसुद्धा फोन करू शकतोस, मित्रासाठी काय करू हे विचारायला पण.

प्रश्न : कॉलेजला आहे, १९ वर्षं. खाजगी काउन्सेलरची फी परवडत नाही आणि इन्स्टावर बघून मला एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा त्रास) आहे असं वाटतंय. कॉलेजात काउन्सेलर नाही. कुठं जाऊ?

उत्तर : रील बघून शंका आली इथपर्यंत ठीक, निदान मात्र तिथं करू नको, झोप कमी आणि चिंता जास्त असली तरी लक्ष लागत नाही.

१४४१६ म्हणजे टेली मानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. सरकारी दवाखान्यांत १० ते १९ वयासाठी मैत्री क्लिनिक असतात, तू अजून त्यात बसतेस, तालुक्याच्या ठिकाणी चौकशी कर. खाजगीत कुणाकडं गेलीसच तर शिक्षण काय झालंय ते बिनधास्त विचार, बोर्डावर काउन्सेलर कुणीही लिहितं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी असते, तो नंबर मागायचा.

आणि कॉलेजचं : जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील त्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. प्राचार्यांना अर्ज दे, आवक नंबर घे, आणि चारपाच मैत्रिणींच्या सह्या घेऊन जा, एकटीचा अर्ज फाईलला लागतो.